टाळ्या आणि कर्णधारपद

ज्याच्या चेंडूवर संघ जिंकतो, त्याला चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात! पुण्याच्या हिंदू क्लबात पालवणकर बाळूंच्या वाट्याला हेच आले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या चर्मकार गोलंदाजाचा सभांतून गौरव झाला. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र जातीने अडविले. १९२० साली धाकटे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघ सोडला, जाहीर निवेदन काढले. वाद वृत्तपत्रांतून चव्हाट्यावर आला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

भाषण टाळ्यांत विरते. छापलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत उभा राहतो. विजेत्याचा जयजयकार वृत्तपत्रांनी अवश्य छापावा; परंतु संघात कोणाला, कशासाठी डावलले, हे विचारण्यास चुकू नये.