पाण्याचा पंप गाळाला चालत नाही

पनवेलची नगरपालिका १८५२ची. महानगरपालिका व्हायला मात्र २०१६ उजाडलं. तोवर सिडकोनं खारघर, कामोठे, कळंबोली वसवूनही झालं होतं. एवढ्या वस्तीच्या सांडपाण्यावर लिहा, असं संपादक म्हणाले. परिसरातल्या एका केंद्रात गेलो आणि पंपघरातच रमलो.

शुद्ध झालेलं पाणी खाडीच्या वाटेला लागतं, पाहुण्यांना तेच दाखवतात. मागे उरतो गाळ. टाकीतून निघतो तेव्हा त्यात ९९ टक्के पाणीच असतं. असा १०० घनमीटर गाळ सेंट्रीफ्यूजमध्ये पिळला की जेमतेम पाच घनमीटर केक हाती लागतो. पातळ गाळ टाकीतून टाकीत फिरवायला साधा सेंट्रीफ्युगल पंप पुरतो. पण सेंट्रीफ्यूजला गाळ एका मापानं लागतो, कारण पॉलीचा, म्हणजे गाळ गोळा करणाऱ्या पॉलीइलेक्ट्रोलाइटचा, डोस त्यावरच बेततात. आणि घट्ट झालेला गाळ पिठल्यासारखा, जागचा हलत नाही. तिथे स्क्रू पंपच हवा.

रेने म्वानो या फ्रेंच माणसानं १९३०च्या सुमारास काढलेली ही युक्ती. पीळ दिलेला पोलादी रोटर रबरी स्टेटरमध्ये फिरतो, दोघांमध्ये बंद कप्पे तयार होतात आणि गाळासकट पुढे सरकत राहतात. जितके फेरे, तितका गाळ.

“हात घालून बघा, साहेब,” ऑपरेटर म्हणाला. उतरवून ठेवलेल्या स्टेटरचं रबर आतून सोलवटलं होतं, बोटांना काळा भुगा लागला. रोटरच्या सांध्याला केसांचा आणि चिंध्यांचा वीतभर दोर आवळून बसलेला.

कोरडा चालला तर हा पंप काही मिनिटांत स्वतःचं रबर जाळतो. पुढचा व्हॉल्व्ह बंद राहिला तर दाब वाढवतच जातो. पाइप फुटेल नाहीतर मोटर ट्रिप होईल. म्हणून ड्राय रन आणि जादा दाब, दोन्हींचं संरक्षण आधीच मागून घ्यावं. पावसाळ्यात वाळू येते, ती रबर खरवडते. यावर उपाय एकच: मोठा पंप घ्यावा आणि सावकाश फिरवावा. पण डिस्चार्ज (तासाला किती गाळ) आणि हेड (किती उंचीवर) जुळले की स्वस्त, छोटा, जोरात फिरणारा पंपही कागदावर पास होतो. वाचलेले पैसे मग स्टेटरवर जातात.

जागेचं तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. स्टेटर सरळ रेषेत पुढे ओढून काढावा लागतो, म्हणजे समोर निदान त्याच्या लांबीइतकी मोकळी जागा हवी. इथे दोन हातांवर भिंत आहे. त्यामुळे अख्खा पंप चेन ब्लॉकनं उचलावा लागतो. त्यात पाळी संपते आणि तोवर टाकीत गाळ चढत राहतो.