खेळ सुटल्यावरचे अभिप्राय

चित्रपटाचा खेळ सुटला आणि दारातून जिन्यावर डोळे चोळीत, मोबाइल पुन्हा सुरू करीत, गाडी लावल्याची पावती खिशात चाचपीत माणसे बाहेर पडू लागली, की त्या दहा-पंधरा मिनिटांत जे अभिप्राय कानांवर येतात त्यांना समीक्षा हे भारदस्त नाव कोणी देणार नाही; परंतु ज्या चित्रपटांवर शेकडो कोटी रुपये खर्ची पडलेले असतात, त्यांच्या नशिबाचा निवाडा बव्हंशी याच जिन्यावर लागतो. ‘पहिला हाफ जरा रेंगाळला’, ‘शेवट मात्र जबरदस्त’, ‘एवढी मारामारी कशाला हवी होती?’ अशी ही तुटक वाक्ये रात्री घरी पोहोचतात, सकाळी लोकलच्या डब्यात शिरतात, दुपारी कचेरीतल्या डब्याबरोबर वाटली जातात, आणि ज्यांनी तिकीट काढायचे की नाही हे ठरविलेले नसते त्यांचे मत तेवढ्यावरच बनते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र या संभाषणात एक नवा विषय शिरला आहे आणि तो मला मनापासून खटकतो. चित्रपट कसा होता, असे विचारावे आणि उत्तर यावे, ‘पहिल्या तीन दिवसांत शंभर कोटी!’ ज्याचा त्या व्यवहारात दमडीचाही हिस्सा नाही, उलट तिकिटापायी आणि त्याहून महाग पॉपकॉर्नपायी ज्याच्या खिशाला चाट बसलेली आहे, असा सद्गृहस्थ निर्मात्याचा जमाखर्च अशा अभिमानाने सांगत असतो, की जणू वसुलीचा मक्ता त्याच्याच घराण्याकडे वंशपरंपरेने चालत आलेला असावा.

आता कोटींचा विषय निघालाच आहे, तर ते आकडे म्हणजे काय हे सांगून टाकणे बरे. तिकीटविक्रीतून जमा होणारी एकूण रक्कम म्हणजे ‘ग्रॉस’. तीतून सरकारचा कर वजा जाता उरते ती ‘नेट’. आणि नेटमधून चित्रपटगृहवाल्याने आपला वाटा ठेवून घेतल्यावर वितरकाच्या पदरात जे पडते ते ‘शेअर’. जाहिरातीत झळकतो तो सहसा पहिला आकडा. निर्मात्याचे सुखदुःख अवलंबून असते ते तिसऱ्यावर. २००९ साली याच वाट्यावरून निर्माते आणि मल्टिप्लेक्सचे मालक यांच्यात असा कज्जा पेटला, की ऐन उन्हाळ्यात सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. तडजोड झाली ती अशी, की पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नातील निम्मा वाटा वितरकाचा, दुसऱ्या आठवड्यात साडेबेचाळीस टक्के, तिसऱ्यात साडेसदतीस आणि त्यापुढे तीस. हा उतरता दर ध्यानात घेतला, म्हणजे मोठा चित्रपट एकाच शुक्रवारी हजारो पडद्यांवर का आदळतो आणि त्याआधी महिनाभर जाहिरातींचा भडिमार का सोसावा लागतो, याचा उलगडा होतो. जे काही मिळवायचे ते पहिल्या सात दिवसांत, जिन्यावरचे मत गावभर होण्यापूर्वी मिळवावे, असा हा सरळ हिशेब आहे.

पूर्वी हिशेब निराळा होता. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या घरात मुक्काम ठोकून बसला. तेवढा काळ एकाच पडद्यावर तग धरायचा, तर जाहिरात पुरत नाही, लोकांनीच एकमेकांना धाडावे लागते. अमेरिकेत १९७५ च्या जूनमध्ये स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ दूरदर्शनवरील जाहिरातींच्या जोरावर एकाच वेळी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला, आणि उन्हाळ्यात मोठा चित्रपट एकदम सर्वत्र लावायचा ही वहिवाट तेथून पडली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ ऑगस्टला, आपल्याकडे ‘शोले’ आला. व्यापारातल्या जाणत्यांनी पहिल्या आठवड्यातच त्याला बुडीत खाती मांडले होते, आणि अमिताभ बच्चनचे पात्र जिवंत ठेवून शेवट बदलावा काय, असा खल चालला होता. पण जिन्यावरचे मत व्यापाऱ्यांच्या मतापेक्षा वेगळे पडले, आणि मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहातून तो चित्रपट पाच वर्षे हलला नाही.

‘शोले’चे पुनरुज्जीवन केलेली प्रत २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील बोलोन्या येथील महोत्सवात, आणीबाणीच्या काळात सेन्सॉरने बदलायला लावलेल्या मूळ शेवटासह दाखविण्यात आली, आणि त्या निमित्ताने या चित्रपटाची चर्चा पुन्हा घरोघर सुरू झाली. पनवेलच्या परिसरात सात आठवडे खपून चित्रित केलेल्या आगगाडीच्या लढाईचे कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तही आहे. पण माझे लक्ष पुन:पुन्हा जाते ते एका अगदी निःशब्द प्रसंगाकडे. सांजवेळ आहे, वाड्याच्या सज्जातून विधवा सून एकेक दिवा मालवीत चालली आहे आणि खाली अंगणात बसलेला बच्चनचा जय माउथ ऑर्गन वाजवीत तिच्याकडे पाहतो आहे, एवढेच. छायालेखक द्वारका दिवेचा यांना हवा होता तो मावळतीचा प्रकाश रोज काही मिनिटेच टिकत असल्यामुळे पडद्यावर जेमतेम दोन मिनिटांचा वाटणारा हा मजकूर टिपायला वीसएक दिवस लागले. या चित्रपटाला फिल्मफेअरचे जे एकमेव पारितोषिक मिळाले तेही गब्बरला नव्हे किंवा संवादांना नव्हे, संकलक माधव शिंदे यांना मिळाले.

माझे म्हणणे एवढेच आहे, की अवाढव्य चित्रपटातला अवाढव्यपणा हा माणसांना दारापर्यंत आणण्यापुरता असतो. ती पुन्हा येतात आणि दुसऱ्यांना पाठवितात ती आत दडलेल्या एखाद्या लहानशा प्रसंगासाठी. अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांकडे मी याच नजरेने पाहतो, आणि ज्याला ती नजर मान्य नसेल त्याने माझे पुढील अभिप्राय बेलाशक बाजूस ठेवावेत.

क्रिस्टोफर नोलनचा ‘ओपनहायमर’ २१ जुलै २०२३ रोजी आला तेव्हा त्याच्या तांत्रिक वैभवाचा गाजावाजा पुष्कळ झाला होता. आयमॅक्सच्या प्रतीची लांबी सतरा-अठरा किलोमीटर, वजन पावणेतीनशे किलोच्या घरात, वगैरे. चित्रपट तीन तासांचा, त्यातला बहुतेक वेळ माणसे खोल्यांत बसून बोलत असतात, आणि चौकशी समितीच्या प्रश्नोत्तरांत कोण कोणाचा माणूस हे कळायला मला बराच वेळ लागला. असे असूनही १६ जुलै १९४५ च्या पहाटेचा तो स्फोट आला, तेव्हा जे घडले ते मी अन्य कोणत्याही मोठ्या चित्रपटात अनुभवलेले नाही. पडदा प्रकाशाने भरला आणि आवाजच आला नाही. नऊ किलोमीटरवरच्या निरीक्षकाला प्रकाश तत्क्षणी दिसतो, ध्वनीला मात्र पंचवीस-तीस सेकंद लागतात, हे शालेय पदार्थविज्ञान नोलनने घेतले, आपल्या सोयीने आणखी ताणले आणि त्या अवकाशात केवळ श्वासोच्छ्वास ऐकविला. शेजारच्या रांगेत मघापासून चाललेली पॉपकॉर्नच्या पिशवीची कुरकुर त्या वेळी थांबली होती. ज्या चित्रपटात मध्यंतराची योजनाच नाही, तो आपल्याकडे कोठेही तोडून, पात्राचे वाक्य अर्धवट लोंबकळत ठेवून, समोसे विकायला माणूस पाठविण्याची रीत मात्र फौजदारीस पात्र आहे, असे माझे नम्र मत आहे.

एस. एस. राजमौलींचा ‘आरआरआर’ (२०२२) त्याच्या नेमक्या उलट प्रकृतीचा. शांतता ही त्याला सोसवणारी गोष्टच नाही. गोदावरीकाठच्या रंपा बंडाचे नेते अल्लुरी सीताराम राजू आणि निजामाविरुद्ध उठलेले आदिलाबादचे गोंड वीर कोमरम भीम यांची प्रत्यक्षात कधी गाठ पडल्याचा दाखला नाही. राजमौलींनी ती पाडली, दोघांना मित्र केले आणि इंग्रज अधिकाऱ्यांना केवळ दुष्टपणा करण्यासाठीच विलायतेहून नेमून आणल्यासारखे रंगविले. इतिहासाचा मुलाहिजा ठेवणाऱ्या माणसाने येथेच उठून जावे. परंतु त्या दोघांची पहिली भेट पाहा. पुलावर पेटलेल्या गाडीखाली, नदीच्या पात्रात एक पोर अडकले आहे. एक अनोळखी इसम पुलावर, दुसरा खाली काठावर. ओरडून ऐकू जाणार नाही इतके अंतर. वरचा हाताने खुणा करतो, खालचा मान हलवितो, एक घोड्यावर आणि दुसरा मोटारसायकलवर स्वार होतो, आणि एकाच दोराची दोन टोके धरून दोघे पुलाच्या दोन बाजूंनी झेपावतात. हे सारे भौतिकशास्त्राला अमान्य आहे. पण त्या खुणा आणि ते मान हलविणे, एवढ्यात मैत्री जमून गेली, तीही एका शब्दावाचून, हे कसब मोठे आहे. आणि पुढचे दोन-सव्वादोन तास आपण जे काही अचाट पाहून घेतो ते या मैत्रीच्या जामिनावर. याच चित्रपटातल्या ‘नाटू नाटू’ या गाण्याला २०२३ साली ऑस्कर मिळाले, ते नृत्य युक्रेनच्या राजधानीतील राजप्रासादासमोर, युद्ध पेटण्याच्या काही महिने आधी चित्रित झालेले आहे, हे जाता जाता.

‘छावा’बद्दल लिहिताना महाराष्ट्रात लेखणी जपून चालवावी लागते. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर लक्ष्मण उतेकर यांनी काढलेला हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. त्याआधीच लेझीमच्या प्रसंगावरून गदारोळ उठला आणि तो प्रसंग दिग्दर्शकाने काढून टाकला. संभाजीराजांच्या भूमिकेत विकी कौशलने जीव ओतून काम केले आहे यात शंका नाही. माझी तक्रार अशी, की पूर्वार्धात प्रत्येक संवाद गर्जनेच्या पट्टीतच सुरू होतो, त्यामुळे खरी गर्जना करण्याची वेळ येते तेव्हा वर चढायला पायरीच शिल्लक राहत नाही. याउलट अक्षय खन्नाचा थकलेला औरंगजेब आवाज चढवीत नाही, आणि म्हणून तो बोलू लागला की प्रेक्षागृह पुढे वाकते. अखेरचा छळ ज्या तपशिलाने आणि जितका वेळ दाखविला आहे, त्याने अनेकांना रडू कोसळले. मला त्यातील लांबी जाचक वाटली. मात्र त्याच भागात साखळदंडांनी जखडलेले संभाजीराजे आणि कवी कलश एकमेकांना काव्यातून जी साद-प्रतिसाद देतात, ती ऐकताना ‘बुधभूषणम्’ रचणारा राजा प्रथमच डोळ्यांसमोर उभा राहतो. लढायांच्या चार प्रसंगांना कात्री लावून हा एक वाढविला असता, तर बिघडले नसते.

‘बाईपण भारी देवा’ हा केदार शिंदे यांचा २०२३ चा चित्रपट मी मुद्दाम गर्दीच्या खेळाला पाहिला, कारण त्याचा निम्मा खेळ पडद्यासमोर चालला होता. सहा बहिणींतला जुना अबोला आणि मंगळागौरीची स्पर्धा ही कथा तशी साधीच. प्रत्येकीच्या वाट्याला एकेक दुःख रेशनच्या दुकानात मोजून द्यावे तसे आलेले. पण नऊवारी नेसून, काळे चष्मे लावून, भिशीमंडळेच्या भिशीमंडळे आली होती. फुगडीच्या वेळी मागच्या रांगेतल्या आजी सुनेला म्हणाल्या, ‘अगं, आमच्या वेळी याच्या दुप्पट वेगानं!’ आणि सून म्हणाली, ‘मग घरी दाखवा की, आई.’ रोहिणी हट्टंगडी आणि वंदना गुप्ते यांच्यासारख्या अभिनेत्री समोर असताना मी या दोघींकडेच अधिक पाहत होतो.

पहिल्या आठवड्याचे गणित कधी कधी सपशेल उधळले जाते, याचा सुखद पुरावा ‘तुंबाड’ने दिला. राही अनिल बर्वे यांचा हा कोकणच्या पावसात भिजलेला भयपट २०१८ साली आला तेव्हा बेताचाच चालला. पुढे लोकांनी तो घरी, छोट्या पडद्यावर पाहिला, एकमेकांना सांगितला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त उत्पन्न करून गेला. वीस-पंचवीस जणांनी पाहिलेल्या खेळाचे मत सहा वर्षे झिरपत राहिले, तर ते काय करू शकते ते यातून दिसते.

आणि शेवटी ‘दशावतार’. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ रोजी लागला. त्यात दशावतारी नट बाबुली मेस्त्री झाले आहेत दिलीप प्रभावळकर, तेव्हा वय वर्षे एक्याऐंशी. बाबुलीची दृष्टी मंदावत चालली आहे, मुलाचा हट्ट आहे की आता रंग लावणे पुरे, आणि बापाला चेहऱ्यावर रंग चढल्याशिवाय आपण कोणी आहोत असे वाटत नाही. बाप-लेकांचे हे प्रेमळ भांडण चालले आहे तोवर चित्रपट अस्सल मालवणी मातीचा आहे. उत्तरार्धात खाण, खलनायक आणि सूड यांचा कारभार सुरू होतो, उपदेशाची मात्रा वाढते, आणि जे नजरेने सांगून झाले होते तेच पुन्हा संवादांतून बजावले जाते. तरीही प्रभावळकर रंगपटात बसून चेहरा रंगवू लागतात तेवढ्या भागासाठी तिकिटाचे पैसे वसूल आहेत. कोणी सोबत येणार असेल, तर मी पुन्हा जाईन, आणि मध्यंतरानंतर थांबायचे की नाही ते त्याच्यावर सोपवीन.