एअर रायफल झिरो कशी करायची? 10, 20 आणि 30 मीटरचं सोपं गणित

एअर रायफल घेतलेल्यांची एक तक्रार मी हमखास ऐकतो: "10 मीटरवर छर्रा बरोबर लागतो, पण 30 मीटरवर खाली जातो. रायफल खराब आहे का?" बहुतेक वेळा रायफल ठीक असते, फक्त ती एकाच अंतरासाठी सेट केलेली असते. म्हणून नवीन स्कोपवर पैसे घालवण्याआधी हे समजून घ्या.

झिरो म्हणजे काय?

स्कोपमधली नजर सरळ रेषेत जाते. छर्रा मात्र नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून खाली पडू लागतो. शिवाय स्कोप नळीच्या साधारण 4 सेंटीमीटर वर असतो. त्यामुळे नळी किंचित वर रोखलेली ठेवावी लागते. छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, रेषा ओलांडून वर जातो आणि पुढे परत खाली येतो. म्हणजे तो रेषेला दोनदा भेटू शकतो. ठरवलेल्या अंतरावर ही भेट घडवून आणणं म्हणजे झिरो करणं.

आकड्यांत बघूया

समजा छर्र्याचा वेग सेकंदाला 170 मीटर आहे, स्कोप नळीच्या 4 सेंटीमीटर वर आहे आणि झिरो 10 मीटरला केलंय. हवेचा विरोध सोडून दिला तर उत्तरं अशी येतात:

- 5 मीटर: सुमारे 16 मिलिमीटर खाली
- 10 मीटर: बरोबर नेमावर
- 15 मीटर: सुमारे 7 मिलिमीटर वर
- 20 मीटर: सुमारे 6 मिलिमीटर वर
- 30 मीटर: सुमारे 22 मिलिमीटर खाली

गंमत बघा, 5 मीटर इतकं जवळ असूनही छर्रा खाली लागतो! प्रत्यक्षात हवेमुळे वेग कमी होत जातो, म्हणून 30 मीटरवर तो आणखी खाली जाईल. तुमच्या रायफलचे आकडे वेगळे असतील, पण वक्र असाच असेल.

झिरो करायची पद्धत

1. स्कोप सरळ बसवा. लांब भिंतीवर ओळंबा लटकवा, रायफल आडवी-तिरकी न होता सरळ धरा आणि क्रॉसहेअरची उभी रेघ त्या दोऱ्याशी जुळवा. स्कोप तिरका असेल तर अंतर बदललं की छर्रा डावीकडे-उजवीकडेही सरकतो.
2. एकाच प्रकारचे छर्रे वापरा. वजन किंवा आकार बदलला की झिरोही बदलतं.
3. आधी 5 छर्रे मारा, मगच स्क्रूला हात लावा. एका छर्र्यावरून काही ठरवू नका. पाचही जवळजवळ लागले, की त्या ग्रुपचा मध्य नेमापासून किती लांब आहे ते मोजा.
4. क्लिक मोजा. स्कोपवर 1/4 एमओए लिहिलं असेल, तर एक क्लिक म्हणजे 10 मीटरवर साधारण 0.7 मिलिमीटर. ग्रुप 7 मिलिमीटर खाली असेल तर 10 क्लिक वर.
5. पुन्हा 5 छर्रे मारून खात्री करा.

स्कोप नसेल तर मागची साइट वापरा. छर्रा जिकडे न्यायचाय, तिकडेच ती सरकवायची. पुढची माशी हलवता येत असेल तर तिचं उलटं असतं.

स्प्रिंगवाली रायफल घट्ट आवळू नका किंवा लाकडावर टेकवू नका. उडताना तिला हिसका बसतो आणि प्रत्येक वेळी पकड वेगळी असली की ग्रुप पसरतो. अशा रायफलला एअरगनसाठीच बनवलेला स्कोप घ्या. तिचा दुहेरी धक्का साध्या स्कोपला सोसवत नाही.

मोबाइलचा खरा उपयोग

मी झिरो एकाच अंतरावर ठेवतो आणि बाकीच्या अंतरांचा तक्ता बनवतो. 5, 10, 15, 20, 25 आणि 30 मीटरवर, दरवेळी टार्गेटच्या मध्यावरच नेम धरून, प्रत्येकी 5 छर्रे मारायचे. प्रत्येक टार्गेटशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा आणि किती वर-खाली लागलं ते नोट्समध्ये लिहायचं. बॅलिस्टिक अ‍ॅप अंदाज देतं, पण त्यात टाकलेला वेग चुकीचा असेल तर उत्तरही चुकतं. कागदावरचं भोक मात्र खोटं बोलत नाही.

स्पर्धेत ही कटकट का नसते?

आपल्या महाराष्ट्राचा रुद्रांक्ष पाटील 2022 मध्ये 10 मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला. त्या प्रकारात अंतर कायम 10 मीटर असतं आणि स्कोपऐवजी पीप साइट लावतात. अंतर बदलत नाही, म्हणून एकच झिरो पुरतं. पण टार्गेटवरचा 10 गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो! तिथे एका क्लिकलाही किंमत असते.

एवढं मात्र पाळा

झिरो करताना सुरुवातीचे छर्रे कुठेही जाऊ शकतात. म्हणून शूटिंग रेंजवरच जा, चष्मा घाला आणि टार्गेटमागे छर्रा अडवणारी भक्कम सोय आहे ना ते बघा. गच्चीवर किंवा पक्ष्यांवर प्रयोग अजिबात नको. वन्य पक्ष्यांची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे.

तर पुढच्या वेळी 30 मीटरवर छर्रा खाली गेला, तर आधी तुमचा तक्ता उघडा. रायफल बदलायचा विचार त्यानंतर करा.