सात आसनी मोटार : आधी निदान, मग औषध

दवाखान्यात आल्या आल्या काही पालक विचारतात, "डॉक्टर, अँटिबायोटिक कोणते देणार?" आपण शांतपणे सांगतो, "आधी मूल तपासू द्या." सात आसनी मोटार घ्यायला निघालो तेव्हा मी मात्र त्या पालकांसारखाच वागलो. दुकानात पाऊल ठेवताच विक्रेत्याला विचारले, "डिझेल बरी की पेट्रोल? हाताचे गिअर बरे की ऑटोमॅटिक?" घराची तपासणी राहूनच गेली होती. ती पुढे कशी केली ते येथे सांगतो. आपल्यापैकी अनेकांसमोर आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

आमच्या घरी आम्ही उभयता, ब्याऐंशी वर्षांची आई आणि मुलगा. सुटीत पुण्याहून मुलगी, जावई आणि तीन वर्षांची नात येतात. म्हणजे बरोबर सात माणसे, आणि वर्षातून तीन-चार वेळा भोपाळ-नागपूर असा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास.

मोठ्या कुटुंबाच्या गाडीशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. १९९४ साली टेल्कोने आणलेल्या 'सुमो'चे नाव कंपनीचे माजी अध्यक्ष सुमंत मूळगावकर यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ठेवले होते. पुढे २००० साली क्वालिस आणि २००५ साली इनोव्हा आली, आणि गावोगावच्या लग्नांची वऱ्हाडे त्यांतून जाऊ लागली. त्या काळच्या बहुतेक जीपवजा गाड्यांत मागे समोरासमोर दोन आडवी बाके असत. मुलांना ती जागा फार आवडे.

१९९८ साली नागपूरचे एक लग्न आटोपून आम्ही भाड्याच्या गाडीने परतत होतो. माझी पाच वर्षांची भाची मागच्या बाकावर भेंड्या खेळत होती. बैतूलच्या अलीकडे रस्त्यात गुरे आडवी आली, चालकाने करकचून ब्रेक लावला आणि तिचे कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आदळले. गावातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात टाके मीच घातले. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावले. मीही म्हणालो. पण त्या बाकावर तिला मीच बसवले होते, आणि तेव्हा माझ्या नावापुढे बालरोगतज्ज्ञाची पदवी लागलेली होती, ही गोष्ट मी आजवर विसरू शकलेलो नाही.

म्हणून या खेपेस तपासणीला मी शेवटच्या रांगेपासून सुरुवात केली. गाडी घेणारा नेहमी चालकाच्या जागेवर बसून पाहतो. तिसऱ्या रांगेत तो क्वचितच शिरतो. मी शिरलो. एका गाडीत फरशी इतकी उंच होती की गुडघे छातीशी आले. दुसरीत डोके आणि मागची काच यांत वीतभरच अंतर उरले. प्रत्येक आसनाला कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा पट्टा आहे का, डोक्यामागे आधार आहे का आणि एअरबॅगचा पडदा शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो का, हे तीन प्रश्न मी सर्वत्र विचारले. लहान मुलाचे वेगळे आसन घट्ट बसवण्याची आयसोफिक्सची कडी बहुधा मधल्या रांगेतच असते. तेव्हा नातीची जागा मधली, हेही तेथेच ठरले. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांचे आसन नसेल तर दंड आहे. पण आपण बालरोगतज्ज्ञांनी दंडाची वाट का पाहावी?

आता इंजिनाचा विचार. सात माणसे आणि सामान मिळून भार पाचशे किलोच्या घरात जातो. असा भार ओढताना अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, आणि तो किती फेऱ्यांना मिळतो, हे अधिक महत्त्वाचे. इनोव्हा क्रिस्टाचे २.४ लिटरचे डिझेल इंजिन मिनिटाला १४०० फेऱ्यांपासूनच ३४३ न्यूटन-मीटर टॉर्क देते. एर्टिगाचे दीड लिटरचे पेट्रोल इंजिन सुमारे १३७ देते, आणि तेही ४४०० फेऱ्यांना. इटारसी-बैतूल मार्गावरच्या बरेठा घाटात हा फरक कानांना ऐकू येतो: डिझेल गुरगुरत चढते, तर लहान पेट्रोल इंजिनाला ओरडावे लागते.

मग डिझेलच घ्यावे ना? येथेच निदान आडवे येते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांमुळे डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. ती काजळी जाळून टाकण्यासाठी गाडी अधूनमधून महामार्गावर काही काळ सलग चालावी लागते. रोज अरेरा कॉलनीतून न्यू मार्केटपर्यंतच जाणाऱ्या गाडीत ती साचत राहते. कफ बाहेर न टाकता येणाऱ्या मुलाच्या छातीसारखी तिची गत होते. विदिशा किंवा सीहोरला रोज ये-जा करणाऱ्या सहकाऱ्याला डिझेल मानवेल. माझी दिवसाची धाव दहा किलोमीटरांची; मला ते मानवणार नाही. सीएनजी स्वस्त खरे, पण तिची टाकी तिसऱ्या रांगेमागची सामानाची जागा खाते. २०२२ साली आलेल्या इनोव्हा हायक्रॉससारखी संकरित गाडी शहराच्या गर्दीत इंधन वाचवते. परंतु माझी वर्षाची धाव आठ हजार किलोमीटरांच्या आत असल्याने तिची वाढीव किंमत इंधनातून वसूल होण्यास फार वर्षे लागतील, असे हिशेबाने दिसले.

राहिला गिअरचा प्रश्न. माझ्या पत्नीच्या डाव्या गुडघ्याची झीज सुरू झाली आहे, आणि ईदगाह हिल्स किंवा श्यामला हिल्सच्या चढावर, रांगेत थांबत थांबत क्लच दाबणे हा त्या गुडघ्यावर अन्यायच. म्हणून ऑटोमॅटिक हे नक्की. पण त्यातही प्रकार आहेत. एएमटीमध्ये यंत्रच आपल्या वतीने क्लच दाबते. ती स्वस्त असते, पण गिअर बदलताना झोल जाणवतो आणि मागच्या रांगेतल्या मुलांना मळमळते. दोन क्लचांची डीसीटी चपळ, मात्र कोरड्या क्लचांची असेल तर मुंगीच्या गतीच्या गर्दीत तापू शकते. सीव्हीटी मऊ चालते, परंतु चढावर इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागाहून येतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेलाच्या माध्यमातून शक्ती पोहोचते. इंधन किंचित अधिक लागते, पण चढावरून गाडी अलगद उचलते.

अखेर माझे निदान असे झाले: पेट्रोल इंजिन, टॉर्क कन्व्हर्टर आणि सातही जागांना पूर्ण पट्टे. घाटात ते इंजिन ओरडेल, ते मी मान्य केले. वर्षातून सहा-सात वेळांच्या घाटासाठी उरलेले सगळे दिवस चुकीचे औषध घेण्यात अर्थ नाही. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक घराची धाव, गुडघे आणि मुले वेगळी. तेव्हा माझी चिठ्ठी दुसऱ्याने वापरू नये.

एक सूचना मात्र सर्वांनाच करतो. चाचणीला एकटे जाऊ नका. सातही जणांना घेऊन जा. आम्ही सातजण पोहोचलो तेव्हा विक्रेता तरुण गोंधळला, कारण त्याला बसायला जागाच उरली नाही. शेवटी जावई खाली उतरले आणि तो बसला. आईने मधल्या रांगेत चढताना कोठे हात धरला, ते मी पाहून ठेवले. मी स्वतः शेवटच्या रांगेत बसून श्यामला हिल्सचा चढ अनुभवला, आणि गाडी तेथेच पसंत झाली.

गाडी आल्याचे भाचीला फोनवर कळवले. ती आता स्वतः एका मुलाची आई आहे. तिने रंग विचारला नाही, किंमतही विचारली नाही. "मामा, मागे पट्टे आहेत ना?" एवढेच विचारले. "आहेत," मी म्हणालो, "आणि लावल्याशिवाय मी गाडी सुरूच करत नाही."