स्पीड टेस्टचा आकडा दर वेळी वेगळा का येतो?

प्लॅन 100 एमबीपीएसचा, पैसेही तेवढेच भरलेले. फोनवर स्पीड टेस्ट लावली की आकडा येतो 38. पाच मिनिटांनी पुन्हा लावली तर 61. फजरनंतर 90 दाखवणारी लाइन इशानंतर 25 वर येते. मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो, आखातात नोकरी करणाऱ्या अब्बांशी चाललेला व्हिडिओ कॉल मध्येच थांबतो. मग घरातले सगळे एकच म्हणतात, ‘केबलवाला फसवतोय.’

फसवणूक असूही शकते. पण तसा आरोप करण्याआधी स्पीड टेस्ट नेमके काय मोजते ते पाहू. फोनपासून वायफाय, राउटर, फायबर, कंपनीचे नेटवर्क आणि पलीकडचा सर्व्हर, इथपर्यंतचा सगळा रस्ता ती मोजते. या रस्त्यावर जी जागा सर्वांत अरुंद असेल, तिचाच आकडा आपल्याला दिसतो.

घरातली कारणे

बहुतेक वेळा अडचण वायफायमध्ये असते. 2.4 गिगाहर्ट्‌झचे वायफाय भिंतींतून पलीकडे जाते, पण त्याचा वेग कमी असतो. त्यात एकमेकांना अडथळा न करणारे चॅनेल जेमतेम तीन. इमारतीत वीस-पंचवीस राउटर असले की या तीन चॅनेलवर गर्दी होते. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात चालतात. 5 गिगाहर्ट्‌झचे वायफाय वेगवान असते, पण एक-दोन भिंती आड आल्या की क्षीण होते. म्हणून राउटरजवळ एक आकडा आणि आतल्या खोलीत दुसरा. फोन कधी कधी आपोआप एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जातो, ते आपल्या लक्षातही येत नाही.

शिवाय टेस्ट चालू असताना हॉलमध्ये टीव्हीवर सिनेमा लागलेला असतो, कोणाच्या तरी फोनवरून निकाहचे फोटो क्लाउडवर चढत असतात. तेवढा वेग टेस्टच्या वाट्याला येत नाही. राउटरचे किंवा लॅपटॉपचे पोर्ट जुने, 100 एमबीपीएसचे असेल, तर 200 चा प्लॅन घेऊनही आकडा 94-95 च्या वर जाणार नाही.

घराबाहेरची कारणे

घरगुती फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एक लाइन स्प्लिटरने 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. सुमारे 2.5 गिगाबिटचा वेग या सर्वांत मिळून असतो. रात्री जेवणानंतर सगळे एकदम ऑनलाइन येतात तेव्हा, आणि कंपनीने पुढची क्षमता कमी घेतली असेल तर जास्तच, वेग उतरतो.

टेस्टही एकसारख्या नसतात. ऊकलाची स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर निवडते. तो कधी कधी तुमच्याच कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरकडून डेटा मागवते. दोन्हींचे रस्ते वेगळे, म्हणून आकडेही वेगळे. खोटी यातली कोणतीच नाही.

एकक पाहायलाही विसरू नका. प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, डाउनलोड मात्र बहुधा मेगाबाइटमध्ये दिसते. 8 बिटचा 1 बाइट होतो. म्हणजे 100 एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त 12.5 मेगाबाइटने उतरते.

कॉल का अडकतो?

व्हिडिओ कॉलला काही थोडे एमबीपीएस पुरतात. त्याला अपलोड बरा आणि पिंग स्थिर लागतो. पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो सारखा वरखाली होत असेल, तर डाउनलोड 90 असूनही आवाज तुटतो. आणि पलीकडे दुबईत एकाच खोलीतली मंडळी एकच वायफाय वापरत असतील, तर दोष तिथलाही असू शकतो.

मोजायचे कसे?

• शक्य असल्यास लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. नाही तर राउटरच्या खोलीत 5 गिगाहर्ट्‌झवर मोजा.
• बाकीची उपकरणे आणि व्हीपीएन बंद ठेवा.
• फजर, जोहर आणि इशानंतर, दर वेळी एकाच सर्व्हरवर तीन-तीन टेस्ट घ्या. असे चार-पाच दिवस करा.
• डाउनलोड, अपलोड, पिंग आणि वेळ वहीत लिहा, स्क्रीनशॉट ठेवा.

केबलवर आकडा बरोबर आणि वायफायवर कमी असेल, तर राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर, उंच जागी ठेवा. महागडा प्लॅन घेण्याची गरज नाही. केबलवरही रोज रात्रीच आकडा पडत असेल, तर गर्दी घराबाहेर आहे. दिवसभर कमी असेल, तर लाइन किंवा प्लॅन तपासून घ्या. डेटाची मर्यादा संपल्यावर वेग कमी करणारे प्लॅनही असतात.

मग कंपनीच्या ग्राहक केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर जरूर घ्या. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे सुरुवात कंपनीकडूनच करावी लागते.

सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माप-तोलात कमी देणाऱ्यांना कडक इशारा आहे. पैसे पूर्ण घेऊन वेग कमी देणाऱ्यालाही तो लागू पडतो. आपला हक्क जरूर मागावा. मात्र ज्या तराजूवर दुसऱ्याला तोलायचे, तोही खरा असला पाहिजे. चार दिवसांची नीट लिहिलेली वही हाती असली की निरपराध माणसावर आळ येत नाही, आणि चूक खरोखर कंपनीची असेल तर तिला ती नाकारताही येत नाही.