पानांचाच खांब

घड उतरला की आमच्या परसातली केळ तोडली जायची आणि तो ओंडका सोलायचे काम आम्हा मुलांकडे यायचे. एक सोपट ओढले की आत दुसरे, त्याच्या आत तिसरे. कपड्यांवर चिकाचे डाग पडत, ते शेवटपर्यंत जात नसत. आम्ही त्याला खोडच म्हणायचो. केळीचे खरे खोड मात्र जमिनीखाली असते, कंदाच्या रूपात. वर दिसतो तो पानांच्या बुडांचा, एकमेकांभोवती घट्ट गुंडाळलेला खांब. सोपट आडवे कापून उजेडात धरा. हवेने भरलेले पोकळ कप्पे आणि मधले पातळ पडदे दिसतील. बाकी बहुतेक पाणीच. एवढ्या मऊ सामानावर माणसापेक्षा लांब पाने आणि दोन हातांनीही जड वाटणारा घड उभा राहतो, याचे मला अजून नवल वाटते.

नवे पान कंदाच्या शेंड्याशी जन्मते आणि या खांबाच्या पोटातून सुरळी होऊन वर चढते. उबदार हवेत आठवड्या-दहा दिवसांनी एक. सुरळी उलगडते तेव्हा पान फिकट पोपटी असते, टोकाला वाळका दोरा लोंबत असतो. कंदातून फुटलेल्या कोवळ्या मुनव्याची पाने तलवारीसारखी अरुंद, पुढची रुंद होत जाणारी.

भर दुपारी पानाचे दोन्ही पंख मधल्या शिरेपाशी खाली मिटतात, ऊन कमी लागते, पाणी वाचते. वाऱ्याने पान फाटते ते शिरांच्या मधून. प्रत्येक पट्टीला मधल्या शिरेकडून पाणी मिळतच राहते, म्हणून चिंध्या झालेले पानही अन्न करत असते. तरी फार फाटले तर नुकसान होतेच. खानदेशात बागेच्या कडेने शेवरी लावतात ती यासाठीच.

तीस-चाळीस पाने झाली की कंदाचा शेंडा पाने करणे सोडून केळफूल घडवतो. त्यानंतर नवे पान नाही. असतील तेवढ्या पानांवर सगळा घड पोसायचा.

पानग्यांसाठी आई पान विस्तवावर फिरवायची. ते क्षणात गडद, तुकतुकीत आणि लवचीक व्हायचे. ते पान ती नेहमी न व्यालेल्या केळीचे आणायला सांगे. घड धरलेल्या केळीला विळा लावू देत नसे.