साखरेची दारं

यीस्टने पाव फुगतो हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण एवढीशी पेशी साखर आत घेते कशी? मी साहित्याची विद्यार्थिनी, तरी या प्रश्नाने मला चांगलंच धरून ठेवलं.

ग्लुकोज पेशीच्या पडद्यातून आपलं आपण आत शिरत नाही. त्याला दार लागतं, आणि ही दारं म्हणजे पडद्यात रोवलेली प्रथिनं. बेकरीतल्या यीस्टकडे या एकाच घराण्यातली सुमारे २० जनुकं आहेत. एवढी कशाला? बाहेर साखरेची रेलचेल असली की एचएक्सटी-१ सारखं सैल दार चालतं: पकड ढिली, पण भराभर आत सोडणारं. टंचाईत मात्र एचएक्सटी-७ सारखं, चुकूनमाकून आलेला रेणूही घट्ट पकडणारं दार हवं.

या घराण्यातले दोघे मला फार आवडले. एसएनएफ-३ आणि आरजीटी-२ दिसायला अगदी दारंच, पण त्यांतून साखर आत जातच नाही! पहिला थोडी साखर ओळखतो, दुसरा भरपूर. दोघे फक्त आत वर्दी देतात. वर्दी पोचली की दारांची जनुकं दाबून धरणारं आरजीटी-१ हे प्रथिन बाजूला होतं आणि मग हवी ती दारं बनू लागतात.

दारं काढावीही लागतात. गॅप-१ जवळजवळ कुठलंही अमिनो आम्ल आत घेतं. चांगला नायट्रोजन मिळाला की त्याच्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी चिकटते, ते आत ओढलं जातं आणि रिक्तिकेत मोडीत निघतं. ते उघडंच राहिलं, तर अमिनो आम्लांचा अति भरणा पेशीच्या मुळावर येतो.

आता आमच्या गोव्याकडे येऊ. सान्नांच्या पिठात सूर घालतात ना, त्या माडाच्या रसात मुख्यतः सुक्रोज असतं. यीस्ट ते बहुतांशी दाराबाहेरच तोडतं, इन्व्हर्टेज नावाचं विकर बाहेर सोडून. ग्लुकोज मुबलक असलं की हे विकर बनवणं बंद, उगाच खर्च कशाला? पण गंमत पुढेच आहे. बाहेर तोडलेली साखर बाहेरच असते, त्यामुळे तिचा बराच मोठा वाटा शेजाऱ्यांकडे वाहून जातो. म्हणून इन्व्हर्टेज अजिबात न बनवणाऱ्या पेशीही त्याच भांड्यात, दुसऱ्यांच्या जिवावर, मजेत वाढू शकतात.